तीन सेकंदांत शंभर : ताकदवान स्पोर्ट्‌स कार आणि सार्वजनिक रस्ता

दक्षिण ऑस्ट्रेलियात १ डिसेंबर २०२४ पासून साध्या मोटार परवान्यावर अतिशक्तिशाली गाडी चालवता येत नाही. त्यासाठी परवान्यावर वेगळा ‘यू’ वर्ग नोंदवून घ्यावा लागतो आणि त्याआधी ठरावीक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. अतिशक्तिशाली कशाला म्हणायचे तेही कायद्याने मोजून ठरवले आहे : गाडीच्या दर टन वजनामागे २७६ किलोवॅट किंवा त्याहून अधिक ताकद. या बदलामागे जून २०१९ मध्ये ॲडलेड शहरात झालेला एक अपघात आहे. एक लॅम्बोर्गिनी हुराकान ताब्याबाहेर जाऊन रस्ता सोडून कडेला घुसली आणि तिथे असलेली पंधरा वर्षांची मुलगी मरण पावली. धोकादायक ड्रायव्हिंगने मृत्यू घडवल्याच्या आरोपातून चालक न्यायालयात सुटला. निष्काळजीपणाचा सौम्य गुन्हा तेवढा उरला. त्यानंतर राज्यात प्रश्न उभा राहिला तो असा, की चालकाचा हेतू वाईट नसताना, क्षणभराच्या चुकीने जी गाडी एवढा घात करू शकते, ती चालवण्याची पात्रता वेगळी का तपासू नये?

ताकद वजनाच्या हिशेबात मोजण्याला कारण आहे. नुसता हॉर्सपॉवरचा आकडा फसवा असतो. तेवढीच ताकद ट्रकलाही असते. भारतीय रस्त्यांवरच्या छोट्या हॅचबॅक गाड्यांत टनामागे साधारण ५० ते ७० किलोवॅट ताकद भरते. पोर्शच्या कॅरेरा जीटीत हाच भागाकार ३२५ च्या आसपास जातो. म्हणजे पायाखालचा ॲक्सिलरेटर तोच, त्यावर पडणारा पायही तोच; पण त्या पायाची बोटभर चूक पाचपट मोठी होऊन चाकांपर्यंत पोहोचते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड या राज्यांत नवशिक्या चालकांना टनामागे १३० किलोवॅटच्या वरची गाडी मुळात चालवूच देत नाहीत. इटलीतही नव्या परवानाधारकांना ताकदीची मर्यादा आहे. भारतात अशी कोणतीही पायरी नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या लहान गाडीवर आठाच्या आकड्याची चाचणी दिलेला अठरा वर्षांचा तरुण त्याच परवान्यावर दुसऱ्या दिवशी सहाशे हॉर्सपॉवरची गाडी कायदेशीरपणे चालवू शकतो. कायद्याने न घातलेली ही पायरी मालकाने आणि घरच्यांनी स्वतःच घालून घेणे हाच तूर्त इथला उपाय आहे, आणि म्हणूनच या गाड्यांचा धोका नेमका कुठे आहे हे समजून घ्यायला हवे.

पहिला धोका पिकअपचा. शून्यावरून शंभरचा वेग तीन सेकंदांत घेणारी गाडी तेवढ्या वेळात जेमतेम चाळीस मीटर पुढे गेलेली असते. सिग्नल सुटल्यावर पुढचा चौक यायच्या आत ती शहराच्या वेगमर्यादेच्या कितीतरी पुढे जाते, आणि चालकाला स्पीडोमीटरकडे बघायची सवडही मिळत नाही. खरी अडचण मात्र गाडीबाहेरच्या माणसांची आहे. रस्त्यावरचा प्रत्येक जण समोरच्या गाडीचा अंदाज रोजच्या सवयीने बांधतो. चौदा मीटर रुंदीचा रस्ता साध्या चालीने ओलांडायला सुमारे बारा सेकंद लागतात. दीडशे मीटरवरची गाडी ताशी ४० किलोमीटरने येत असेल, तर ती पोहोचायला साडेतेरा सेकंद घेते. ओलांडणारा माणूस पलीकडे गेलेला असतो. तीच गाडी १२० ने येत असेल, तर साडेचार सेकंदांत त्याच्या अंगावर असते. लांबून येणाऱ्या दिव्यांवरून वेग ओळखणे माणसाच्या डोळ्याला फार अवघड जाते. रात्री तर जवळजवळ अशक्यच. दुभाजकाच्या फटीतून वळणारा दुचाकीस्वार, हातगाडी ढकलणारा विक्रेता, शाळेतून सुटलेली मुले यांपैकी कोणाचीही त्यात चूक नसते. त्यांनी बांधलेला अंदाज रास्त असतो, गाडी त्या अंदाजाबाहेरची असते.

दुसरा धोका थांबण्याचा. ‘ब्रेक जबरदस्त आहेत’ हे या गाड्यांच्या बाजूने हमखास सांगितले जाते. ते खरेही आहे, पण त्याचा फायदा किती हे मोजून पाहावे. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सर्वसाधारण चालकाला सुमारे दीड सेकंद लागतो. शंभरच्या वेगात तेवढ्यात गाडी ४२ मीटर जाते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर साधी गाडी थांबायला आणखी ५५ मीटर घेते, एकूण ९७. उत्तम ब्रेक आणि उत्तम टायर असलेली स्पोर्ट्‌स कार ३९ मीटरमध्ये थांबेल. एकूण ८१ च्या आसपास. सोळा-सतरा मीटर वाचले. पण याच गाडीचा चालक ब्रेकच्या भरवशावर १२० ने गेला, तर त्याला एकूण १०६ मीटर लागतात, म्हणजे शंभरने जाणाऱ्या साध्या गाडीपेक्षा जास्त. भारी ब्रेकची सगळी कमाई वीस किलोमीटरच्या वाढीव वेगात संपली. दोनशेच्या वेगात तर ब्रेक लागण्याआधीच ८३ मीटर सरलेले असतात, आणि पूर्ण थांबेपर्यंत एकूण अंतर २३५ मीटरच्या पुढे जाते. हेडलाइटचा खालचा झोत फार तर पन्नास-साठ मीटर पुढचे नीट दाखवतो. अंधारात त्या वेगाने जाणारा चालक, रस्ता मोकळा असेल या गृहीतावरच गाडी हाकत असतो.

शहरातला हिशेब याहून बोलका आहे. ताशी ५० ने जाणारी गाडी अडथळा दिसल्यापासून साधारण ३५ मीटरवर पूर्ण थांबते. शंभरने जाणारी गाडी त्याच जागी पोहोचते तेव्हा चालकाचा पाय ब्रेकवर पडलेलाही नसतो. एक गाडी जिथे थांबली असती, तिथे दुसरी पूर्ण वेगाने आदळते. पादचाऱ्याच्या बाबतीत हा फरक जगण्या-मरण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीनुसार धडकेचा वेग ५० वरून ६५ वर गेला की पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता साडेचार पट वाढते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीत २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती आहेत, आणि मेलेल्यांत दुचाकीस्वार व पादचारी मिळून साठ टक्क्यांच्या वर आहेत. हे सगळे स्पोर्ट्‌स कारने घडले नाही हे उघड आहे. पण या रस्त्यांवर गाडी चुकली की झळ कोणाला बसते, ते या आकड्यांतून दिसते. महागड्या गाडीतल्या माणसांना मजबूत सांगाडा, एअरबॅगा आणि पट्टे वाचवतात. समोरच्याच्या डोक्यावर फार तर हेल्मेट असते.

ब्रेक लवकर लागण्यालाही एक उलटी बाजू आहे. मागून येणारा भरलेला ट्रक तेवढ्या अंतरात थांबू शकत नाही. महामार्गावर ताकदवान गाडीने अचानक ब्रेक दाबला की पुढचा अपघात टळतो आणि मागचा होतो. म्हणून मागे जड वाहन असताना पुढच्या वाहनापासूनचे अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवावे. ब्रेक हळूहळू दाबायला वाव राहतो आणि मागच्याला लाल दिवा आधी दिसतो.

तिसरा धोका ताबा सुटण्याचा. हा विषय जरा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे, कारण ताबा गेला की अनुभवी चालकांचेही काही चालत नाही. गाडी रस्त्याला धरून राहते ती चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार ठशांवर. त्या ठशांची पकड मर्यादित असते आणि वेग वाढवणे, ब्रेक लावणे, वळणे ही तिन्ही कामे त्याच एका पकडीतून भागवायची असतात. वळणात निम्मी पकड खर्च झालेली असताना ॲक्सिलरेटर जोरात दाबला, तर मागची चाके घसरतात आणि गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाते. साध्या गाडीत मुळात तेवढी ताकदच नसते, म्हणून ती चूक माफ होते. ताकदवान गाडीत दुसऱ्या गिअरमध्ये, ओल्या रस्त्यावर तर तिसऱ्यातही, नुसता पाय दाबल्याने चाके फिरू शकतात.

याहून घातक चूक उलट्या दिशेची आहे. वळणात वेग जास्त झाल्याचे जाणवले की नवखा चालक घाबरून पाय एकदम उचलतो. गाडीचे वजन पुढच्या चाकांवर जाते, मागची चाके हलकी होतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. १९७५ साली आलेली पहिली पोर्श ९११ टर्बो याच दोषासाठी कुप्रसिद्ध झाली. तीन लिटरचे २६० हॉर्सपॉवरचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेले, गिअर चारच, आणि टर्बोची ताकद पाय दाबल्यावर क्षणभर उशिराने एकदम येणारी. चालक वळणाच्या मध्यावर असताना ती ताकद उसळायची, तो दचकून पाय काढायचा आणि गाडी मागून फिरायची. आजच्या गाड्यांत हा स्वभाव पुष्कळ निवळला आहे, पण भौतिकशास्त्र तेच राहिले आहे. त्यामुळे नियमही तोच : वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करावा, वळणात पाय स्थिर ठेवावा, वळण उलगडून पुढचा रस्ता दिसू लागला की मगच हळूहळू रेस द्यावी. खंबाटकी असो, आंबा असो की फोंडा, घाटातल्या प्रत्येक वळणाला हे लागू आहे.

३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटा इथे झालेला अपघात या संदर्भात अभ्यासण्याजोगा आहे. ‘फास्ट अँड फ्युरियस’ चित्रपटांचा अभिनेता पॉल वॉकर त्यात गेला. गाडी होती पोर्श कॅरेरा जीटी : ५.७ लिटरचे दहा सिलिंडरचे इंजिन, सहाशेच्या वर हॉर्सपॉवर, आणि घसरती गाडी सावरणारी स्टॅबिलिटी कंट्रोल यंत्रणा नाही. अशा १,२७० गाड्याच जगात बनल्या. स्टेअरिंगवर वॉकरचा मित्र होता आणि तो स्वतः शर्यतींत भाग घेणारा मुरलेला चालक होता. दारू किंवा अमली पदार्थांचा अंश सापडला नाही. दुसऱ्या गाडीशी शर्यत चालली नव्हती. गाडीत यांत्रिक बिघाडही तपास अधिकाऱ्यांना आढळला नाही. ताशी ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी १३० ते १५० च्या दरम्यान धावत होती, आणि टायर नऊ वर्षांचे जुने होते. एवढ्यावर दोघांचा जीव गेला. ‘आपल्याला गाडी चांगली येते’ असे वाटणाऱ्या प्रत्येकाने हा अपघात लक्षात ठेवावा. त्या गाडीतल्या माणसालाही गाडी चांगलीच येत होती.

स्टॅबिलिटी कंट्रोल म्हणजे गाडी चालकाने वळवलेल्या दिशेने जात नाही असे दिसताच एखाद्या चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा. १९९५ पासून ती बाजारात आली. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून आणि युरोपात २०१४ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची आहे. आजच्या बहुतेक स्पोर्ट्‌स कारमध्ये ती असतेच. धोका असा, की ‘स्पोर्ट’ किंवा ‘ट्रॅक’ मोड निवडला की ती अंशतः सैल होते आणि एक बटण दाबून पुष्कळदा पूर्ण बंदही करता येते. सार्वजनिक रस्त्यावर हे बटण दाबायला कोणतेही योग्य कारण नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या नव्या कायद्याने अतिशक्तिशाली गाडीतल्या अशा यंत्रणा रस्त्यावर बंद करणे हाच गुन्हा ठरवला, ते अगदी योग्य झाले. मालकाने गाडी घेतल्यावर कोणत्या मोडमध्ये काय सैल होते हे पुस्तिकेत वाचून घ्यावे आणि रस्त्यावर कायम साधा मोड ठेवावा. पावसाचा मोड असेल, तर जूनपासून सप्टेंबरअखेर तोच. मात्र ही यंत्रणा टायरची पकड वाढवत नाही, आहे ती नीट वापरते. पकडच संपली तर तीही हतबल असते.

म्हणून टायरकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे. स्पोर्ट्‌स कार वर्षात फार थोडी चालते, त्यामुळे टायरची नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर मात्र वयाने कडक झालेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडी छाप असतो : पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर ताकदवान गाडीवर ठेवू नये, नक्षी कितीही शाबूत असो. वापरलेली गाडी घेताना चारही टायरांचे हे आकडे स्वतः वाचावेत. दलालाच्या शब्दावर राहू नये. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण रुंद टायरांना पावसाळ्यात ती अपुरी पडते. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबावर ठरतो; ३२ पीएसआय हवेला, नक्षी झिजलेली असेल तर, ढोबळ मानाने तो ताशी ९० ते ९५ किलोमीटर येतो. टायर जितका रुंद आणि गाडी जितकी हलकी, तितके हे लवकर घडते. म्हणजे कोरड्यात सर्वांत जास्त पकड असलेली गाडी तुंबलेल्या पाण्यात सर्वांत आधी घसरू शकते. ट्रॅकसाठी बनवलेले जवळजवळ गुळगुळीत टायर लावून पावसात निघणे हा तर सरळ जीवाशी खेळ आहे. पहिल्या पावसात धूळ आणि तेलाचा थर रस्त्यावर पसरतो तेव्हा, आणि पहाटे टायर थंड असताना, पहिले काही किलोमीटर सावकाश जावे. कार्बन सिरॅमिकचे ब्रेकही थंड असताना नेहमीसारखे धरत नाहीत.

आता इथल्या रस्त्यांबद्दल. गतिरोधकाच्या मानकात उंची १० सेंटिमीटर सांगितली आहे. प्रत्यक्षात गल्लोगल्ली मनाला येईल तसे उंचवटे असतात, आणि स्पोर्ट्‌स कारचा तळ जमिनीपासून बारा-तेरा सेंटिमीटरच वर असतो. तळ घासणे ही नुकसानीची बाब झाली. पण तो चुकवण्यासाठी अचानक ब्रेक मारणे किंवा बाजूच्या लेनमध्ये शिरणे ही अपघाताची बाब आहे. बसक्या टायरांना खड्डा सोसत नाही. रिमला बारीक तडा जातो, हवा हळूहळू उतरते आणि पुढे महामार्गावर टायर फुटतो. मोठ्या खड्ड्यात गाडी आदळल्यावर चाक काढून आतल्या बाजूने रिम तपासून घ्यावी. हुराकानसारखी गाडी जेमतेम ११६ सेंटिमीटर उंच असते, म्हणजे ट्रकच्या केबिनलगत आली की चालकाला ती दिसतच नाही. ट्रकच्या बाजूला रेंगाळू नये; मागे राहावे किंवा मोकळी जागा पाहून पुढे निघून जावे. ट्रकचा आरसा दिसत नसेल, तर ट्रकवाल्यालाही आपण दिसत नाही असे समजावे.

मोकळा, गुळगुळीत रस्ता मिळाला की मोह वाढतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तिथे सपाटीवर मोटारींना १२० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी. मुंबईच्या किनारी रस्त्यावर सरळ भागात ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर ४० ची मर्यादा ठेवली आहे. हे आकडे गाडीच्या क्षमतेवरून ठरलेले नाहीत. वळणाची त्रिज्या, दिसणारे अंतर आणि इतर वाहनांचा वेग पाहून ठरलेले आहेत. तासभर १२० ने गेल्यावर डोळे त्या वेगाला सरावतात आणि ८० चा वेग रेंगाळल्यासारखा वाटतो. द्रुतगती मार्ग सोडताना किंवा घाट सुरू होताना मनाच्या अंदाजावर न जाता स्पीडोमीटरकडे बघूनच वेग उतरवावा. केबिन शांत आणि सस्पेन्शन घट्ट असलेल्या गाडीत तर वेगाची जाणीव शरीराला होतच नाही. बहुतेक गाड्यांत वेगाचा इशारा देणारी घंटी लावता येते. ती लावून ठेवावी.

विजेवरच्या गाड्यांनी या विषयाला नवे वळण दिले आहे. तिथे गिअर बदलावे लागत नाहीत, इंजिनाची गुरगुर नाही; पाय दाबताक्षणी पूर्ण जोर चाकांवर येतो. २०१९ साली आलेली मूळ पोर्श टायकान टर्बो एस शंभरचा वेग २.८ सेकंदांत घेते आणि तिचे वजन सुमारे २,३०० किलो आहे. तिचा टनामागचा भागाकार २४५ च्या घरात येतो, म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या २७६ च्या रेषेखाली. पण धडकेत वजनही वेगाबरोबर समोरच्यावरच येते. या गाड्यांना केवळ ताकदीच्या भागाकाराने तोलणे अपुरे आहे. त्या जवळ आल्याचे आवाजावरून कळत नाही, हेही ध्यानात घ्यावे. पदपथ नसलेल्या गल्लीत, देवळापाशी, बाजारात त्या चालवणाऱ्याने पादचाऱ्याला आपली चाहूल लागलेलीच नाही असे धरून चालावे.

या सगळ्याच्या वर चालक आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला टायकानच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते मरण पावले. पोलिसांच्या तपासानुसार गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. शिक्षेच्या भीतीपेक्षाही साधी गोष्ट अशी, की किल्ली घरात कुठे टांगलेली असते हे मुलांना माहीत असते. ताकदवान गाडीची किल्ली कुलपात ठेवावी. मोबाइलवरून गाडी उघडत असेल, तर ती सोय फक्त मालकाच्या फोनवर ठेवावी. अठरा पूर्ण झाली म्हणून लगेच गाडी हाती देऊ नये. साध्या गाडीवर दोन-तीन वर्षे, एक तरी पावसाळा आणि पुरेसा रात्रीचा प्रवास झाल्यावर विचार करावा. काही गाड्यांत मुलासाठी वेगळी, वेग बांधलेली किल्ली बनवता येते. असेल तर जरूर वापरावी.

अनोळखी हात हा दुसरा धोका. मार्च २०२५ मध्ये नोएडात पदपथावर बसलेल्या मजुरांवर लॅम्बोर्गिनी चढली, ती टेस्ट ड्राइव्हच्या वेळी. हॉटेलचा व्हॅले, गॅरेजचा पोऱ्या, लग्नात ‘जरा एक चक्कर’ मागणारा मित्र, यांना नाही म्हणायला मालकाने संकोच करू नये. वापरलेली गाडी घेणाऱ्याने पहिली चाचणी वर्दळीच्या रस्त्यावर घेऊ नये, आणि पहिल्या काही आठवड्यांत पूर्ण रेस एकदाही देऊ नये. गोव्यात किंवा मुंबईत हौसेखातर भाड्याने गाडी घेताना पाटी काळी आणि अक्षरे पिवळी आहेत ना, हे पाहावे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते. विम्यात शर्यत आणि वेगचाचणी धरलेली नसते. दारू पिऊन चालवल्यासही गाडीची भरपाई मिळत नाही. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा असली, तरी या गाड्यांसाठी ती शून्यच मानावी.

शर्यतीचा मोह सिग्नलवर शेजारी उभ्या राहिलेल्या गाडीच्या एका गुरगुरीने जागा होतो. बर्लिनच्या कुर्फ्युर्स्टेनडाम या मध्यवर्ती रस्त्यावर १ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री दोन तरुणांनी अशीच शर्यत लावली. लाल सिग्नल तोडत, ताशी १६० च्या पुढे जात त्यांतल्या एकाने हिरव्या दिव्यावर निघालेल्या ६९ वर्षांच्या माणसाच्या जीपला धडक दिली. तो माणूस मेला. जर्मनीत रस्त्यावरच्या शर्यतीसाठी खुनाची शिक्षा झाली ती या खटल्यात पहिल्यांदा. वरच्या न्यायालयात पुष्कळ खल झाला, पण धडक देणाऱ्या चालकावरचा खुनाचा ठपका २०२० मध्ये कायम राहिला. दरम्यान २०१७ पासून बेकायदा शर्यत हा तिथे स्वतंत्र फौजदारी गुन्हा झाला, आणि एकट्यानेच शक्य तितका वेग काढण्यासाठी बेदरकार गाडी पळवणेही त्यात धरले गेले. वेगमर्यादा नसलेल्या महामार्गांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या देशाने हे केले, याची नोंद इथल्या शौकिनांनी घ्यावी. शेजारच्याने रेस दिली तर त्याला पुढे जाऊ द्यावे. गाडीतल्या सोबत्यांनी ‘दाखव ना किती पळते’ असे म्हणू नये. कोणी पळवू लागलाच, तर स्पष्ट सांगून उतरावे. मागे बसलेल्यांनीही पट्टा लावावाच. कायद्यानेही तो बंधनकारक आहे.

वेगाची हौस वाईट नाही, तिची जागा रस्ता नाही. ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टईचे सर्किट, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे इथे बंद ट्रॅकवर गाडी पळवता येते. तिथे समोरून कोणी येत नाही, कडेला सुटलेल्या गाडीसाठी मोकळी जागा असते, रुग्णवाहिका उभी असते. अनेक कंपन्या ग्राहकांसाठी प्रशिक्षण दिवसही ठेवतात. गाडीच्या किमतीपुढे त्याचा खर्च नगण्य आहे. घसरलेली गाडी कशी वागते हे एकदा प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली अनुभवलेला चालक रस्त्यावर आपोआप सावध होतो. ट्रॅकवरून परतताना मात्र एक पथ्य पाळावे : थेट घराकडे न निघता तासभर थांबावे, टायर आणि ब्रेक पाहून घ्यावेत, आणि डोळ्यांना साध्या वेगाची सवय होऊ द्यावी.

देखभालीत कंपनीच्या परत-बोलावणीच्या सूचना दुर्लक्षू नयेत. २०१० मध्ये फेरारीने ४५८ इटालियाच्या बाराशेहून अधिक गाड्या आगीच्या धोक्यामुळे परत बोलावल्या; चाकाच्या कमानीतला डिंक तापून पेटत होता. तापलेल्या इंजिनाजवळ बाहेरून बसवलेले वायरिंग आणि हौशी एक्झॉस्ट यांनी हा धोका वाढतो. अग्निशामक गाडीत हाताशी ठेवावा. विजेची गाडी अपघातात सापडली तर नारिंगी रंगाच्या तारांना हात लावू नये.

अपघात झालाच तर गाडीपेक्षा जखमी आधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकावर बंधनकारक आहे. जमाव हिंसक झाल्यास किंवा परिस्थिती हाताबाहेर गेल्यास जखमीला हलवण्यापुरती सवलत आहे, पण पोलिसांना कळवणे चुकत नाही. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसह सर्व मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना लागू आहे. आणि रस्त्यावरच्या प्रत्येक वाचकासाठी : जखमीला मदत करणाऱ्या अनोळखी माणसाला कलम १३४ अ चे संरक्षण आहे. त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याला करता येत नाही.